थंडीत पंखा कोण लावतं?

"मानवजातीने आजवर जे जे मोठे शोध लावले," मिस्त्री म्हणाले, "ते सगळे आधी नाकाला लागले. डोक्याला मागाहून कळलं. आग, पाऊस, शत्रू, नासलेलं दूध, काहीही घ्या. डोळे फसवतात. कान तर काय, जो भेटेल त्याच्या ताब्यात. पण नाक? नाक आयुष्यात खोटं बोलत नाही."

हे बोलताना त्यांनी उजव्या हातातला पाना असा उंच धरला होता की टायरवर बसून ऐकणारी दोन गिऱ्हाइकं नकळत ताठ झाली.

"बाबा," गाडीखालून सूनबाईचा आवाज आला, "तुमच्या मागे फडकं जळतंय."

मिस्त्रींनी वळून पाहिलं. नुकत्याच बंद केलेल्या गाडीच्या सायलेन्सरवर तेलकट फडकं पडलं होतं आणि त्यातून वीतभर जाड धूर निघत होता. टायरवरचे दोघेही नाकाला रुमाल लावून बसले होते. त्यांना वाटलं होतं, हा व्याख्यानाचाच भाग आहे.

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाले. "मुद्दामच ठेवलंय. जुनं झालं होतं." आणि दर मंगळवारी एक फडकं जाळायचा गॅरेजचा नियमच असावा अशा शांतपणे त्यांनी ते पायाखाली विझवलं.

गावात त्यांना नाकवाले मिस्त्री म्हणत. गेली पस्तीस वर्षं त्यांची तपासणीची पद्धत एकच होती. गाडी चालू ठेवायची, मागे जाऊन उकिडवं बसायचं, डोळे मिटायचे, सायलेन्सरच्या धुराचा एक घोट नाकाने घ्यायचा आणि तीन आकडे मोजून निकाल द्यायचा. तेल जळतंय. पेट्रोल जास्त पडतंय. पाणी आत शिरलंय. निकालावर अपील नसे. एकदा तर गाडी फाटकातून आत यायच्या आधीच त्यांनी सांगितलं होतं की सीटखाली कुणीतरी आठवड्यापूर्वी डबा विसरलंय. डबा निघाला. त्यात काय होतं हे मात्र ते सांगू शकले नाहीत, पण तोवर ते त्या डब्यालाही आठवत नव्हतं.

म्हणूनच गॅरेजच्या पाटीवर नाक रंगवलेलं होतं. रंगाऱ्याचा हात फळंभाज्यांवर बसलेला असल्यामुळे नवखी माणसं आत येऊन वांग्यांचा भाव विचारत, ती गोष्ट वेगळी.

आणि हेच नाक दोन महिन्यांपूर्वी गेलं.

चार दिवस ताप आला. पाचव्या दिवशी ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. सकाळी तोंड धुताना मिस्त्रींना वाटलं, साबण नकली आहे. मग वाटलं, चहा नकली आहे. मग त्यांनी पेट्रोलच्या डब्यात तोंड घातलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की नकली कोण आहे. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाहीही येणार, सांगता येत नाही. डॉक्टरांचं बरं असतं. 'सांगता येत नाही' हे त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की लोक आभार मानतात. गॅरेजवाल्याने सांगितलं तर लोक पलीकडच्या गल्लीतल्या गॅरेजात जातात.

मिस्त्रींनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलाला लहानपणापासून तेलकट हातांचा तिटकारा, तो बँकेत लागला. पण बायको मात्र त्याने अशी केली की तिने गाड्यांच्या वायरिंगचं रीतसर शिक्षण घेतलेलं. लग्नानंतर पंधराव्या दिवशी सूनबाई स्कॅनर नावाचं यंत्र घेऊन गॅरेजात उतरली. ते यंत्र गाडीला जोडलं की गाडी आपली दुखणी स्वतःच सांगे. मिस्त्री म्हणत, "सांगू दे. माणूस डॉक्टरला खरं सांगतो का? मग गाडी सांगेल?" पण आता नाक नाही म्हटल्यावर गॅरेजात सून आणि यंत्र यांचं भागण्यासारखं होतं. उरलेल्या माणसाचं काय करतात, हे मिस्त्रींनी शेजारी पाहिलं होतं. त्याला खिडकीशी खुर्ची देतात आणि दुपारी विचारतात, कुरिअर आलं होतं का?

तेव्हा मिस्त्री पूर्वीसारखेच उकिडवे बसत, डोळे मिटत, तीन आकडे मोजत आणि मग बोलत. पूर्वी तीन शब्द बोलत, आता तीस मिनिटं. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण ज्या कुणी केली त्याने मिस्त्रींना पाहिलं नव्हतं, पण ओळखलं बरोबर होतं.

घरातही त्यांनी काही कळू दिलं नव्हतं, निदान त्यांची तशी समजूत होती. घर गॅरेजच्या वरच. गेले चार दिवस सासूसुना ताटं घेऊन बाल्कनीत जेवत होत्या. "हवा छान असते हो," बायको म्हणाली होती. मिस्त्री मात्र स्वयंपाकघरातच, फ्रिजला पाठ लावून, निवांत जेवत. बायकांना हवेचं वेड असतं, हे त्यांनी मनाशी नोंदवून ठेवलं होतं.

तर त्या फडक्याच्या मंगळवारी, टायरवरचे दोघे गेल्यावर, फाटकातून एक छोटी फिकट निळी गाडी आत आली. येण्याआधी तिचा काळा धूर आला आणि ती आत आल्यावरही तो फाटकाशी रेंगाळत राहिला. गाडीतून उतरल्या गणिताच्या निवृत्त बाई. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवले होते आणि उरलेल्या अर्ध्याला त्या अजून भेटायच्या होत्या.

"मिस्त्री."

हा शब्द त्यांनी हजेरी घेतात तसा उच्चारला. मिस्त्रींच्या तोंडून 'हजर' निघता निघता राहिलं.

"या बाई. बसा."

"बसायला नाही आले. ही गाडी लिटरला अठरा जायची. मग पंधरा. मागच्या मंगळवारी तुमच्याकडे आणली तेव्हा बारा. आज नऊ. अंकगणिती श्रेढी आहे. पुढचं पद सांगा."

"सहा," सूनबाई शेजारच्या गाडीखालून म्हणाली.

"शाब्बास. मी मिस्त्रींना विचारलं होतं."

मागच्या मंगळवारी मिस्त्रींनी याच गाडीच्या मागे बसून याच धुराचा घोट घेतला होता. घोट कोरा होता. गाडीत दोष आहे म्हणावं तर कुठला ते सांगावं लागलं असतं. म्हणून त्यांनी डोळे उघडून सांगितलं होतं, "इंजिन शंभर नंबरी. पेट्रोल भेसळीचं." बाई तडक पेट्रोल पंपावर गेल्या. पंपाचा मालक त्यांचा जुना विद्यार्थी. वय अठ्ठेचाळीस, डोक्यावर केस नाहीत, दोन मुली कॉलेजात. बाईंनी त्याला सगळ्या रांगेसमोर विचारलं, "हेच शिकवलं का रे मी तुला?" तो मान खाली घालून उभा राहिला. काय शिकवलं होतं ते त्याला आठवेना, पण मान खाली घालायची असते एवढं नक्की आठवलं.

"दुसरीकडून भरून पाहिलंत पेट्रोल?" मिस्त्रींनी विचारलं.

"तीन पंप झाले. आता माझ्या केसांनासुद्धा पेट्रोलचा वास येतो. काल वाचनालयात शेजारच्या बाई उठून दुसऱ्या टेबलावर गेल्या. तुम्हाला तर इथूनही येत असेल."

मिस्त्रींनी नाक किंचित वर केलं. समोर फक्त हवा होती, उकळून गार केलेल्या पाण्यासारखी.

"येतोय की," ते म्हणाले. "केवढा!"

"मग मागच्या मंगळवारी कसा नाही आला?"

"तेव्हा वारा उलटा होता."

सूनबाई फळीवरून सरपटत गाडीखालून बाहेर आली. उठून बसली, हात पुसले आणि सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, एक सांगू का? आज नाकाला सुट्टी द्या. मला शिकायचंय. तुमच्यासारखं नाक काही मला मिळायचं नाही. नाक नसलेल्या माणसाने हे कसं शोधायचं, ते पायरीपायरीने दाखवा. उद्या तुम्ही चार दिवस बाहेर गेलात तर मी काय करू?"

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर पोरीने अख्खा ओंडका सोडला होता. मिस्त्रींनी तो पकडताना चेहऱ्यावर मात्र उपकार केल्याचा भाव ठेवला.

"नाक नसलेल्या माणसाने," त्यांनी घसा साफ केला, "आधी डोळे उघडावेत."

त्यांनी सायलेन्सरच्या तोंडातून बोट फिरवलं. बोट काजळात बुडवल्यासारखं काळं झालं. "कोरडं आहे. तेल जळत असतं तर चिकट लागलं असतं. हे न जळलेलं पेट्रोल. जेवण जास्त, पचन कमी. गाडी रिच चाललीय म्हणतात ते हेच."

मग एअर फिल्टरचं झाकण उघडलं. फिल्टर स्वच्छ होता. हवा कमी पडत असती तरी पेट्रोल जास्त झालं असतं, पण इथे श्वास मोकळा होता. मग चारही प्लग काढून त्यांनी पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडले. चारही सारखेच काळे.

"हे बघ. एकच काळा असता, तर ती त्याच्या एकट्याच्या घरची भानगड. चारही एकसारखे काळे आहेत, म्हणजे हुकूम वरून आलाय. वर कोण? गाडीचा कॉम्प्युटर. तो म्हणेल तेवढं पेट्रोल खाली सुटतं."

"म्हणजे अख्खा वर्ग एकच चूक करतो तेव्हा होतं तसं," बाई मध्येच म्हणाल्या.

"तेव्हा काय होतं?"

"मास्तरांनी फळ्यावर चुकीचं लिहिलेलं असतं."

मिस्त्रींनी आदराने मान हलवली. बाई आता नको नको म्हणता स्टुलावर बसल्या होत्या.

"पण मास्तरांवर लगेच आळ घेऊ नये," मिस्त्री म्हणाले. "पेट्रोलचा दाब सांभाळणारी ही डबी. तिच्या आतला पडदा फाटला, तर या रबरी नळीतून पेट्रोल चोरवाटेने इंजिनात जातं." त्यांनी नळी उपसली आणि पस्तीस वर्षांच्या सवयीने ती नाकाकडे निघाली. अर्ध्या वाटेत हात थांबला. मग त्यांनी भिंतीवरच्या गेल्या महिन्याच्या कॅलेंडराची एक पट्टी फाडली, पिळून नळीत घातली आणि बाहेर काढून उजेडात धरली. पट्टी कोरडी होती.

"पडदा शाबूत आहे. कागद खोटं बोलत नाही."

"ते तर नाक ना, बाबा?"

"दोघंही बोलत नाहीत. तू प्लग बसव."

प्लग पुसून परत बसवले आणि सूनबाईने स्कॅनर जोडला. यंत्राने थोडा विचार केला आणि हिरव्या अक्षरांत कळवलं की गाडीत एकही दोष नाही. मिस्त्रींना त्या यंत्राबद्दल पहिल्यांदाच माया वाटली. मागच्या मंगळवारी त्यांनीही हेच सर्टिफिकेट दिलं होतं.

"मग आता?" सूनबाई म्हणाली.

"आता चालू कर आणि गप्प बस. आजारी माणसाशेजारी बसून राहावं लागतं."

इंजिन तोपर्यंत निवलेलं होतं. ते पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि छान चालू लागलं. बाईंनी पिशवीतून शब्दकोडं काढलं. पाच मिनिटं गेली. सात गेली. दहाव्या मिनिटाला इंजिनाचा सूर डगमगला, गाडी उचकी लागल्यासारखी हलू लागली आणि मागून काळा धूर निघाला.

"बघितलंत? थंड असताना शहाणी, तापली की वेडी," मिस्त्री म्हणाले.

"आमचे मुख्याध्यापक असेच होते," बाई शब्दकोड्यातून मान न काढता म्हणाल्या.

मिस्त्रींचा चेहरा मात्र बदलला होता. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ते बोलायचं विसरले. गेल्या दहा मिनिटांत त्यांनी नाकाची आठवणही काढली नव्हती.

"सूनबाई, थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं. सकाळी उठल्यावर माणसाला चहा लागतो तसं. अंगात ऊब आली की कॉम्प्युटर कमी करतो. हिला कमी करायचं सुचतच नाहीये. इंजिन तापलं, हे कॉम्प्युटरला कोण सांगतं?"

"पाण्याचा सेन्सर. पण यंत्र म्हणतं तो चांगला आहे."

"तो चांगला आहे का ते नको विचारू. तो काय बोलतोय ते वाच."

सूनबाईने पडद्यावर आकड्यांचं पान उघडलं. वरपासून खालपर्यंत अठ्ठावीस ओळी होत्या. "पाणी... एकोणीस अंश."

"किती?" म्हणत मिस्त्रींनी बॉनेटखाली हात घालून पाण्याचा जाड पाइप मुठीत धरला. आणि पुढच्या क्षणी जे बोलले ते बाईंसमोर बोलण्यासारखं नव्हतं. बाईंनी ते ऐकलं नसल्याचं दाखवलं.

त्याच वेळी गाडीच्या तोंडाशी रेडिएटरचा पंखा घरघरत सुरू झाला. मिस्त्री भाजलेला तळहात फुंकत त्या पंख्याकडे पाहत राहिले. हळूहळू त्यांच्या मिशा पसरल्या.

"एकोणीस अंश म्हणे! मग थंडीत पंखा कोण लावतं?"

सूनबाईने कपाळावर हात मारला. पंख्याचं बटण रेडिएटरमध्ये वेगळं. ते स्वतःच्या अंगाला लागलेल्या गरमीवर चालतं, सेन्सरला विचारायला जात नाही. पंखा म्हणत होता उकाडा आहे, मिस्त्रींचा हात म्हणत होता उकाडा आहे, आणि एकटा सेन्सर कॉम्प्युटरच्या कानाशी लागून सांगत होता की बाहेर हिवाळा आहे, पोराला अजून खायला घाला. कॉम्प्युटर बिचारा आईच्या मायेने ओतत होता. एकोणीस अंश हा काही अशक्य आकडा नव्हे, म्हणून यंत्रालाही शंका आली नव्हती.

गाडी बंद केली. सूनबाईने टॉर्च धरला आणि मिस्त्रींनी सेन्सरवरची वायरीची टोपी उपसली. आतल्या दोन्ही पिना हिरव्या पडल्या होत्या, त्यांच्यावर वाळलेल्या साखरेच्या पाकासारखा पापुद्रा धरला होता.

"पाण्यातलं कूलंट वाळलंय," सूनबाई म्हणाली. "वरून ठिबकतंय कुठून तरी."

टॉर्चचा उजेड वर सरकला. वरच्या पाइपाच्या सांध्यावर एक पट्टी होती, नवी कोरी, चकचकीत, आणि तिच्या कडेला एक हिरवा थेंब पडू की नको अशा विचारात लटकलेला होता.

ती पट्टी मिस्त्रींनी ओळखली. आपल्या हाताचं काम माणूस अक्षरासारखं ओळखतो. दोन महिन्यांपूर्वी, तापातून उठल्यावर पहिल्याच दिवशी, हा पाइप त्यांनी बदलला होता. पट्टी अर्धा आटा कमी आवळली गेली होती. असं कुणाच्याही हातून होतं. पण कूलंटला गोडसर वास असतो. पूर्वी एक थेंब गळला असता तरी त्यांनी फाटकातून हाक मारून गाडी परत बोलावली असती. त्या दिवशी त्यांनी बॉनेटवर थाप मारली होती आणि म्हणाले होते, शंभर नंबरी.

पिना घासायला बारीक पॉलिश पेपर हवा, म्हणून सूनबाई कपाटाकडे गेली आणि तिथे तिला तो बराच वेळ सापडेना. कपाटात तो समोरच असतो.

मिस्त्रींनी पट्टी आवळली. मग पिना घासल्या, फवारा मारून साफ केल्या, चिरलेल्या टोपीच्या जागी नवी लावली. इंजिन सुरू केलं. सूनबाई आकडे वाचत गेली. चाळीस. साठ. अठ्ठ्याहत्तर. एक्याण्णव. गाडी तापली आणि शहाणीच राहिली. शिलाई मशीनसारखा एकसंध आवाज येऊ लागला आणि मागचा धूर विरत विरत दिसेनासा झाला.

"छान!" बाई उठल्या. "शेवटी तुमच्या नाकाने पकडलंच म्हणायचं."

मिस्त्री हात पुसत होते.

"आणि तो पंपवाला," बाई पिशवी उचलत म्हणाल्या, "त्याला मी सोडणार नाही. इंजिन बिघडलेलं होतं ते होतंच, पण भेसळही असणार. तुमचं नाक म्हणालं म्हणजे असणारच."

इथे मिस्त्री नुसते गप्प बसले असते तरी चाललं असतं. गाडी दुरुस्त झाली होती. बाई खूश होत्या. रबर जुनं झालं की ठिबकतं, हे वाक्य जिभेच्या टोकावर बूट घालून तयार उभं होतं. एक अठ्ठेचाळीस वर्षांचा टकलू माणूस आणखी एकदा मान खाली घालून उभा राहिला असता, एवढंच. त्याला सवय होती.

मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलं. दोन महिने या इंजिनाला काही कळत नव्हतं, आणि न कळण्यावर त्याने एकच उपाय केला होता: जास्त ओतायचं. आपणही दुसरं काय केलं?

"बाई," ते म्हणाले, "पेट्रोल चांगलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याचा काही दोष नाही. हा पाइप मी बसवला होता, तो ठिबकला. मला कळलं नाही. मागच्या मंगळवारीही कळलं नाही. मला वास येत नाही, बाई. दोन महिने झाले."

सूनबाईच्या हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. फार हळू ठेवला होता तिने.

"कशाचाच?"

"कशाचाच."

"मग तासाभरापूर्वी माझ्या केसांना येतोय म्हणालात, तो?"

"तो सभ्यपणा म्हणून."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मिस्त्रींना वाटलं, आता ही बातमी संध्याकाळपर्यंत वाचनालयात, उद्या बाजारात, आणि परवा पाटीवरचं वांगं खरंच वांगं.

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "निवृत्तीच्या आधी अकरा वर्षांपासून. शाळेत कुणाला सांगितलं नाही. दंगेखोर मुलं सगळी उजवीकडे बसवायची, गरीब मुलं डावीकडे. शाळेला वाटलं, शिस्तीची नवी पद्धत आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुकाचा शेरा लिहिला. पुढे दोन शाळांनी ती पद्धत उचलली."

"मग?"

"मग काय? अजून चालू आहे तिथे. तुम्ही निदान अकरा वर्षं थांबला नाहीत. चूक कबूल केली, अर्धे गुण. उरलेले अर्धे पंपावर. बसा गाडीत."

मिस्त्री गाडीत बसले. डावीकडे बसल्यामुळे वाटेत त्यांनी जे जे सांगितलं ते बाईंपर्यंत पोचलं नाही. पंपावर बाईंना पाहताच मालक खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि बिचाऱ्याने मान आपोआप खाली घातली. मिस्त्रींनी त्याला सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "माझंही चुकलं रे." मालक म्हणाला, "बाई, तेवढं... त्या दिवशीसारखं सगळ्यांसमोर म्हणाल का?" बाईंनी ते शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, सगळ्या रांगेसमोर म्हटलं. दोन स्कूटरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मिस्त्री वर आले तेव्हा सासूसुना बाल्कनीत चहा घेत होत्या. मिस्त्री उंबऱ्यातच थांबले.

"तुला एक सांगायचं होतं," ते बायकोला म्हणाले.

"नाकाचं ना?"

"हिने सांगितलं वाटतं."

"ही कशाला सांगेल? दोन महिन्यांपूर्वी माझी भाजी बुडापर्यंत करपली होती. तुम्ही दोनदा मागून घेतलीत आणि म्हणालात, आज हात मस्त लागलाय. छत्तीस वर्षांत पहिली स्तुती! मी तेव्हाच हिला म्हटलं, यांना काहीतरी झालंय."

मिस्त्रींनी सुनेकडे पाहिलं. ती कपात पाहत होती.

"म्हणजे आज ते शिकायचंय वगैरे..."

"शिकायचंच होतं, बाबा. एकोणीस अंश मलाही दिसत होते. पण पडद्यावर अठ्ठावीस आकडे होते आणि सगळेच सभ्य दिसत होते. त्यातला खोटा कुठला, ते पंख्याला आणि तुम्हाला कळलं." मग ती म्हणाली, "उद्या आठ वाजता दोन गाड्या यायच्यात. लवकर खाली या. फक्त बोलणं जरा पूर्वीसारखं करा. सध्या फार रिच चाललंय."

मिस्त्रींनी उगाच खांद्यावरचं फडकं झटकलं. खिडकीशी ठेवलेली एक रिकामी खुर्ची गेले दोन महिने त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ती कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं. छाती नकळत पुढे आली. मनुष्याचं खरं ज्ञानेंद्रिय कुठलं, यावर आता एक नवीन विचार त्यांना सुचत होता, आणि तो मांडण्यासाठी त्यांनी उजवा हात वर केलाही.

"अहो," बायको म्हणाली, "आता तुम्ही आपणहून सांगितलंत म्हणून विचारते. इतके दिवस विचारलं असतं तर तुमचं पितळ उघडं पडलं असतं, म्हणून आम्ही दोघी कळ काढली. एक काम कराल?"

"बोल ना," मिस्त्री हात तसाच वर ठेवून म्हणाले. "काय वाटेल ते सांग."

"फ्रिजमागे उंदीर मरून पडलाय, चार दिवस झाले. आम्हाला कुणाला जवळ जाववत नाही. तेवढा काढता का?"